दूध-तुपाविना शिवपुरी

शिवपुरीहून परतून पंधरा दिवस झाले, तरी नई सडकेवर कुणी ना कुणी मला अजून थांबवतंच. सत्तर मैल पायी गेलीस, थंडी होती, जंगल होतं, पाय सुजले का, असं कुणी विचारत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘‘खाल्लं काय तू?’’ आणि मी तोंड उघडायच्या आत तेच सांगून टाकतात, की असं फार दिवस चालत नसतं, चाळिशी गाठलीस की कळेल. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी वाचावं आणि मला रस्त्यात अडवणं बंद करावं.

मी मुरारच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाच्या मागे एका दूधवाल्याचा गोठा आला. तिथल्या एका गाईचं वासरू मेलं. तीन-चार दिवसांनी मी खिडकीतून पाहिलं, तर त्या माणसाने वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं केलं होतं. गाय ते चाटत होती आणि तो खाली बसून धार काढत होता. मी तेव्हा फळ्यावरच्या नकाशात नद्या दाखवत होते. कुठल्या, ते आता आठवत नाही. संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं, आजपासून मला दूध नको, दही-ताक नको, तूपही नको. पुढे मधही सोडला. मटण मी त्याच्या कितीतरी आधी सोडलं होतं. आमचं घर साताऱ्याकडून आलेल्या शिपाईगड्यांचं. रविवारी मटण शिजणारच. तरी ते सोडलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, उलट शेजारणींनी कौतुकच केलं. तूप सोडलं आणि घरात सुतक आल्यासारखं झालं.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, रियासतीच्या फौजेत रसदेवर हवालदार होते. पलटण कूच करायची तेव्हा किती माणसांना किती दिवस काय लागेल, कुठल्या मुक्कामाला पाणी आहे, कुठे सरपण मिळेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. रियासत मध्यभारतात गेली आणि फौज देशाच्या फौजेत मिसळली, तेव्हा काहींना नव्या पलटणीत घेतलं, काहींना घरी पाठवलं. आबा घरी आले. यंदा मध्यभारतही गेला आणि मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. आबा रोज सकाळी बाड्याच्या चौकापर्यंत फिरून यायचे आणि आज कुठल्या कचेरीची पाटी नव्याने रंगवली ते आम्हाला सांगायचे. नाताळची सुटी जवळ आली तसे एक दिवस म्हणाले, ‘‘दर हिवाळ्यात आमचं मुरार ते शिवपुरी कूच व्हायचं. सहा दिवसांचं. एकदा परत जाऊन यावं म्हणतो.’’

आई म्हणाली, एकट्याने नाही. भावाला गिरणीतून रजा नव्हती. मी म्हणाले, मी येते.

तिथून भांडणं सुरू झाली.

आबांनी चष्मा लावून शिध्याची यादी केली. पीठ, मूगडाळ, मीठ, मिरची, गूळ, चणे, आणि माणशी रोज दीड छटाक तूप.

‘‘तूप खोडा,’’ मी म्हणाले.

‘‘मग त्याला शिधा नाही म्हणत, शालू.’’

‘‘तुमच्यापुरतं घ्या. माझं खोडा.’’

‘‘अगं, थंडीत दिवसाला बारा-बारा मैल चालायचं. अंगात स्निग्ध नको का काही?’’

स्निग्ध हवंच, पण ते तिळातही असतं, शेंगदाण्यातही असतं. मी त्यांच्याच तराजूवर सगळं मोजून दाखवलं. सातूचं पीठ, त्यात भाजलेल्या चण्याचं पीठ, गूळ. तिळाचं कूट लसूण-मिरची घालून. मेतकूट. भाजलेले शेंगदाणे. एक बाटली तिळाचं तेल. आबांनी पाहिलं, बोटांनी पीठ चोळलं, वजनावर काही हरकत घेता येईना, तेव्हा म्हणाले, ‘‘बघू.’’

दशम्यांनी मला रडवलं. प्रवासाला दशम्या हव्यातच आणि दशमी म्हणजे दुधात भिजवलेली कणीक. गुळाच्या पाण्यात भिजवून पाहिल्या, तर दुसऱ्या दिवशी चपलेच्या तळासारख्या झाल्या. शेवटी तीळ रात्रभर भिजत घातले, पाट्यावर वाटले, फडक्यातून पिळले आणि त्या पांढऱ्या पाण्यात कणीक भिजवली. तिसऱ्या दिवशीही मऊ राहिल्या. हे मी पाच शेजारणींना सांगितलं आणि पाचहीजणी म्हणाल्या, ‘‘पण दूधच का नाही घालत?’’

गजक न्यावी म्हणून दुकानात गेले. तीळ आणि गूळ, दुसरं काय असणार त्यात? तरी विचारलं, ‘‘भैया, इसमें घी तो नहीं है?’’

तो म्हणाला, ‘‘बहनजी, एकदम शुद्ध माल है. वनस्पती का नाम नहीं. असली घी का हाथ लगाते हैं.’’

मी पिशवी तशीच रिकामी घेऊन परत आले.

गुळपापडी मात्र मला साधली. कणीक तिळाच्या तेलात मंद आचेवर भाजली, गूळ आणि कूट घातलं, वड्या पाडल्या. दोन डबे भरले. बांधाबांध आबांनी आपल्याकडे घेतली. तीस वर्षं त्यांनी तेच काम केलेलं, त्यामुळे मी मध्ये पडले नाही.

पनिहार आणि पुढे

पहिला दिवस पनिहारपर्यंत. गाव मागे पडलं की लाल दगडाच्या टेकड्या सुरू होतात, मग पळस आणि खैर. मधूनमधून आमची छोटी रेल्वेगाडी शिट्टी देत जाते. तिच्या डब्यातून लोक आमच्याकडे बघत होते. आबांची चाल बघून मला आश्चर्य वाटलं. साठी उलटलेला माणूस, पण पाऊल एकसारखं पडत होतं, आणि तासाला दहा मिनिटं बसायचं म्हणजे दहाच. मला मात्र पहिल्याच संध्याकाळी सर्दीने गाठलं.

दुसऱ्या दिवशी घाटीगावच्या अलीकडे एका गुजरांच्या वस्तीत थांबलो. अंगण सारवलेलं, आठ-दहा म्हशी. घरातल्या म्हाताऱ्या बाईने आम्हाला खाटेवर बसवलं आणि पितळी पेल्यांतून दूध आणलं, वर सायीचा जाड थर. मी हात जोडले, म्हणाले, अम्मा, मी दूध घेत नाही.

तिचा चेहरा उतरला. ‘‘काए? हमाए घर कौ दूध नईं चलेगौ?’’

तिला वाटलं मी जातीवरून नाही म्हणते आहे. मी समजावायला लागणार, तेवढ्यात आबा म्हणाले, ‘‘डॉक्टर ने मना किया है, माई. बिटिया बीमार है.’’

म्हणजे मी आजारी. दोन वर्षं विचार करून पाळलेली गोष्ट एका वाक्यात आजार झाली. म्हातारी लगेच कळवळली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहायला लागली. मी म्हणाले, ‘‘अम्मा, मैं बीमार नहीं हूँ. दूध मैं किसी के घर का नहीं पीती, अपने घर का भी नहीं. आपकी रोटी दे दो, बिना घी की, और पानी.’’

ती माझ्याकडे पाहतच राहिली. का, ते मला नंतर कळलं. आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, परक्याच्या घरचं दूध चालतं, तुपात तळलेलं चालतं, पाण्यात मळलेली भाकरी मात्र चालत नाही. मी बरोबर उलटं मागत होते. तिने बाजरीची गरम रोटी आणि लसणीची चटणी दिली. मी खाल्ली. आबा दूध प्यायले आणि रोटीला हात न लावता आमच्या पिशवीतल्या दशम्या काढून बसले.

वाटेत मी विचारलं, ‘‘खोटं का बोललात?’’

‘‘तिला वाईट वाटू नये म्हणून.’’

‘‘आणि रोटी नाही खाल्लीत, त्याचं तिला बरं वाटलं असेल?’’

ते चार पावलं पुढे होऊन चालायला लागले.

मोहना

मोहन्याला आबांच्या ओळखीचा सरकारी बंगला होता. चौकीदार नवा होता. त्याने सांगितलं, आता खोल्या फक्त दौऱ्यावरच्या साहेबांना मिळतात, तशी वरून चिठ्ठी लागते. आबा म्हणाले, ‘‘आम्ही इथे वीस वर्षं उतरलोय.’’ तो म्हणाला, ‘‘तब की बात और थी.’’ खोल्या सगळ्या रिकाम्या होत्या. दारं उघडी होती, मला आतल्या खाटा दिसत होत्या. मी बोलायला लागले तशी आबांनी पिशवी उचलली. आम्ही देवळाशेजारच्या धर्मशाळेत उतरलो. तिन्हीसांजेला दमून, नाक चोंदलेलं, अशा अवस्थेत मी गुळपापडीचा दुसरा डबा उघडला, दोन वड्या खाल्ल्या आणि पांघरूण ओढून पडले.

सकाळी कडाक्याची थंडी होती. उन्हात बसून डबा उघडला. वड्यांवर पांढरा थर धरला होता.

तिळाचं तेल असं गोठत नाही. मी वडी मोडली. आतही पांढरे कण. नाकाशी नेली तर सर्दीतूनही वास कळला.

आबा जवळच बूट बांधत होते. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

‘‘हे कुणी केलं?’’

त्यांनी नाडी बांधून पूर्ण केली. ‘‘तुझ्या आईने. मी सांगितलं.’’

‘‘मग माझा दुसरा डबा?’’

‘‘घरी आहे.’’

मला वाटलं होतं ते निदान चाचरतील. रसदेचा हिशेब द्यावा तसं त्यांनी सगळं सांगितलं. एक डबा माझा, एक तुपाचा. पहिला पुढे ठेवायचा, म्हणजे मला शंका येणार नाही. तिसऱ्या दिवसानंतर अंगातली ताकद संपते, तेव्हा दुसरा उघडेल.

‘‘याच रस्त्यावर एक पोरगा पडला होता माझ्या पलटणीतला,’’ ते म्हणाले. ‘‘नवीन भरती. त्या साली तूप कमी आलं होतं, मी वाटप अर्धं केलं. चौथ्या दिवशी चालता चालता खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाला निमोनिया. पण वाटप मी केलं होतं.’’

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसऱ्या कुठल्या वेळी ऐकलं असतं तर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले असते.

‘‘त्या मुलाला अर्धं दिलंत तेव्हा त्याला माहीत होतं,’’ मी म्हणाले. ‘‘मला माहीत नव्हतं. आबा, मी लहान नाही. चौतीस वर्षांची आहे. तुम्ही मला समोरून म्हणाला असतात, तुझं पटत नाही, येऊ नकोस, तर मी आले नसते. हे लपवून चारलंत. आता मी तोंडात बोट घालून ते बाहेर काढू का?’’

‘‘शालू, तुझ्या जिवासाठी केलं.’’

‘‘तो दूधवालाही गाईला सांगत असेल, तुझ्या जिवासाठी.’’

हे बोलायला नको होतं. पण बोलले, आणि परत घ्यावंसं अजूनही वाटत नाही.

धर्मशाळेपुढे सडकेच्या कामावरच्या बायका खडी फोडत होत्या. मी डबा त्यांना देऊन टाकला आणि चालायला लागले. आबा मागून आले. दोन तास मी मागे वळून पाहिलं नाही. रागाने माणूस फार भराभर चालतो. पार्वती नदी कधी ओलांडली तेही कळलं नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा एका झाडाखाली थांबले, सातू कालवावं म्हणून खांद्याकडे हात नेला आणि लक्षात आलं, सातू-चण्यांची पिशवी धर्मशाळेच्या खुंटीला राहिली. ती माझ्याकडे होती. आबांच्या पिशवीत भांडी, तेल, मीठ आणि सुकून गेलेल्या दोन दशम्या.

परत जाणं म्हणजे सात-आठ मैल. आबा हे सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचाही मला राग आला. दोन दशम्या दोघांनी वाटून खाल्ल्या आणि पुढे निघालो.

सहरियांची वस्ती

दुपार कलताना आबांचं पाऊल अडखळायला लागलं. पुढचं गाव पाच मैलांवर होतं. जंगलात सडकेपासून जरा आत दहा-बारा झोपड्या दिसल्या. सहरिया आदिवासींची वस्ती. डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक बाई पायवाटेने येत होती, तिनेच आम्हाला बघून विचारलं, कुठे चाललात, बाबा थकलेले दिसतात. तिचं नाव रामकली. माझ्याच वयाची असेल. तिच्या झोपडीपुढे एक शेळी बांधलेली होती आणि शेळीचं पिल्लू तिला ढुशा देत पीत होतं. रामकली म्हणाली, ‘‘जाके बच्चा कों ही पूरौ नईं परत.’’ दूध त्या पिल्लालाच पुरत नव्हतं.

तिने न विचारता चूल पेटवली. बथुव्याची, म्हणजे आपल्या चाकवताची, भाजी मीठ-मिरची घालून नुसती उकडली, ज्वारी-बाजरीच्या पिठाच्या जाड रोट्या निखाऱ्यावर भाजल्या. बरोबर मूठभर सुकी बोरं. अख्ख्या वाटेवर हे पहिलं घर, जिथे मला कशालाच नाही म्हणावं लागलं नाही. नाही म्हणण्यासारखं त्या घरात काही नव्हतंच, हे मात्र खाता खाता माझ्या ध्यानात आलं आणि माझा नियम मला थोडा हलका वाटला. मी तिला विचारलं, जंगलातून काय काय आणता? ती म्हणाली, डिंक, सरपण, पानं. आता नवा गार्ड आलाय, तो भारे उतरवून घेतो, म्हणतो राज्य बदललं. मग हसून म्हणाली, ‘‘पैलें राजा कौ जंगल हतो, अब सरकार कौ है. हमाओ कब हतो?’’

आबा बाजूला दगडावर बसले होते. पानावर वाढलेली रोटी त्यांच्यापुढे तशीच होती.

‘‘मला भूक नाही,’’ ते मराठीत म्हणाले.

सकाळपासून माणसाने अर्धी-अर्धी करून दोन दशम्यांतली एक खाल्ली होती. रामकलीला भाषा कळली नाही, बाकी सगळं कळलं. तिने रागही धरला नाही. पाणी गरम आहे का विचारावं तसं विचारलं, ‘‘बाबा हमाए हाथ कौ नईं खाएँगे?’’

मला राहवलं नाही. मी मराठीतच बोलले, आवाज न चढवता, कारण घर तिचं होतं.

‘‘आबा, मला न विचारता तुम्ही तूप चारलंत, माझ्या जिवासाठी म्हणून. ही बाई तुमच्या जिवासाठी पीठ संपवते आहे आणि ते तुम्हाला चालत नाही. मी एका गाईपायी तूप सोडलं, तर मला हट्टी म्हणालात. तुम्ही कुणापायी ही रोटी सोडताय, ते सांगा. हिच्या अंगाला काय लागलंय?’’

‘‘आपल्यात नाही खात,’’ ते म्हणाले. ‘‘पलटणीतसुद्धा चुली वेगळ्या असायच्या.’’

‘‘त्या कोण पेटवायचं वेगळ्या?’’

रसदेचे हवालदार तेच होते.

चुलीतला निखारा फुटला. शेळीचं पिल्लू येऊन आबांच्या बुटाची नाडी ओढायला लागलं, त्यांनी ते हलकेच बाजूला केलं. मग उठले, लोट्याने हात धुतले आणि पानापुढे मांडी घालून बसले. पहिला घास त्यांनी फार वेळ चावला. रामकली मुद्दामच चुलीकडे तोंड करून बसली होती. थोड्या वेळाने आबांनी रिकामं पान पुढे केलं आणि म्हणाले, ‘‘थोड़ा साग और देना, बेटी.’’

सकाळी निघताना तेलाची बाटली आणि मीठ आम्ही तिच्याकडे ठेवलं. तिने पदरात बांधून बोरं आणि दोन रोट्या दिल्या. सतनवाड्याच्या मुक्कामापर्यंत ते पुरलं.

शिवपुरी

सहाव्या दिवशी दुपारी पोचलो. आबांच्या पलटणीच्या बराकी शाबूत आहेत. त्यांत आता कुठल्याशा खात्याचं गोदाम आहे आणि फाटकावर पहारेकरी. त्याने विचारलं, काम काय? आबा म्हणाले, काही नाही, बघायचं होतं. पहारेकरी म्हणाला, बघायला परवानगी लागते. सत्तर मैल चालून आलेल्या माणसाला परवानगी! मी त्या पहारेकऱ्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. आबांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं. ‘‘तो आपलं काम करतोय,’’ म्हणाले. फाटकाबाहेर उभ्याउभ्याच त्यांनी मला दाखवलं, ती खोली रसदेची, तिथे तराजू असायचा, त्या चिंचेखाली तीन चुली. त्या चुली दाखवताना जरा थांबले. मग बाजारात जाऊन आम्ही उकडलेले शिंगाडे आणि पेरू खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीने परत निघालो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने दारातच पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, वाटेत खाण्याचं काय केलंत. मला वाटलं आबा काहीतरी गोलमोल सांगतील. त्यांनी कोट खुंटीला लावला आणि सरळ सांगितलं, मोहन्याच्या पुढे सहरियांच्या वस्तीत जेवलो, बथुव्याची भाजी होती, चांगली होती.

आईचा हात थांबला. ‘‘मग आधी आंघोळ करून या,’’ ती म्हणाली. ‘‘तसेच स्वैपाकघरात नका येऊ.’’

‘‘सकाळी केली आहे,’’ आबा म्हणाले, आणि आत जाऊन पाटावर बसले.

आईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग तिने दोन ताटं घेतली. भात वाढला, वरण वाढलं. सवयीने तुपाचं भांडं उचलून आधी आबांना वाढलं आणि चमचा माझ्या ताटाकडे आणला. मी काही बोलणार, इतक्यात आबांनी आपला हात माझ्या भातावर आडवा धरला. चमच्यातलं कढत तूप त्यांच्या मनगटावर सांडलं. त्यांनी हात काढला नाही.

‘‘आधी विचार तिला,’’ ते म्हणाले.